एक उभी बाटली

आमच्या सुरतेत दारू मिळत नाही, हे मी गाडीतून उतरले त्याच दिवशी फुईच्या तोंडून ऐकलं, आणि ते सांगताना फुई तिघा गिऱ्हाइकांना दारूत ओतायचा सोडा फोडून देत होती. फुई म्हणजे आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. "आठे दारू मियत नही, पोरी. बंदी शे," असं म्हणत तिनं प्लास्टिकचे तीन पेले, खाऱ्या शेंगदाण्याची पुडी आणि मीठ-मिरची भुरभुरलेली दोन उकडलेली अंडी बाकड्यावर सरकवली. त्या तिघांनी सदऱ्याच्या आतून एकेक पोटली काढली, म्हणजे दुधाच्या पिशवीची धाकटी बहीण म्हणावी अशी प्लास्टिकची पिशवी, दातानं तिचा कोपरा तोडला आणि ती पेल्यात रिकामी केली. मी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, मोठ्या शहरातली बंदी अशीच दिसत असणार. आपल्याला काय कळतंय, आपण आठवीत शाळा सोडलेल्या.

शाळा मी सोडली असं म्हणते, पण खरं तर शाळेचा आणि माझा दोघींचाही त्यात फारसा हात नव्हता. वडील गेले, आई लोकांच्या कांद्यात निंदायला जाऊ लागली आणि धाकट्या दोघा भावांकडे बघायला घरात कोणीतरी हवं होतं. दोन वर्षं मी ते कोणीतरी झाले. मग मामानं एक सोयरीक आणली. वीटभट्टीवरचा मुकादम, पहिली बायको वारलेली. माणूस चांगला होता म्हणे. त्याची थोरली मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसायची, एवढीच काय ती अडचण होती, आणि ती मामाला अडचण वाटत नव्हती. "मैत्रीण घरातच मिळेल," असं तो म्हणाला होता. फुई तेव्हा वडिलांच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, ताटावरून उठली, हात धुतले आणि म्हणाली, "हिले मी लई जास." दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गाडीत होते. त्या उपकाराखाली मी पुढची कितीतरी वर्षं वावरले. फुईनं तो शब्द कधी उच्चारला नाही. म्हणूनच तो माझ्या कानात सतत वाजायचा. तिसरी भाकरी मी कधी मागितली नाही. फुईच्या आधी उठायचं, तिच्या नंतर निजायचं, आणि ती नुसती खोकली तरी पाण्याचा तांब्या घेऊन हजर. फुई वैतागून म्हणायची, "अवं, जरा बठ ना बाई, तुले पाहीसन मी दमस."

सुरतेच्या नवागामातली फुईची खोली अशी: पुढे शटर, मागे मोरी, मधे आम्ही. शटर वर केलं की दुकान, खाली ओढलं की घर. भिंतीपलीकडे लूमच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर, आणि त्या भिंतीतून खटक-खटक असा आवाज चोवीस तास आत यायचा. ताटलीतली चमची थरथरायची, देवाच्या फळीवरची घंटी आपोआप किणकिणायची. फुईला वाटायचं, आपली भक्ती इतकी की देव स्वतःच घंटा वाजवतो. पहिल्या आठवड्यात मला झोप आली नाही. आता उलटं झालंय. मुलीनं शांत सोसायटीत फ्लॅट घेतला, तिच्याकडे गेले की रात्रभर कूस बदलत पडते आणि पंख्याला तरी थोडा आवाज असावा असं वाटतं.

फुवा, म्हणजे फुईचे यजमान, त्याच कारखान्यात लूम चालवायचे. बारा तासांची पाळी. उंच, वाकलेले, कानात कापूस, आणि कानात कापूस नसतानाही ओरडून बोलायची सवय. त्यांच्यासारखा मऊ माणूस मी पाहिला नाही. मला गुजराती वाचायला त्यांनी शिकवलं. शेंगदाण्याच्या पुड्यांसाठी रद्दी यायची, त्यातला कागद पुढे धरून म्हणायचे, "घाबरायचं काय त्यात? आपलंच अक्षर आहे. डोक्यावरची रेघ काढून टाकली की झालं गुजराती." तितकं सोपं नव्हतं, पण त्यांच्या तोंडून सोपं वाटायचं. सहा महिन्यांत मी रद्दीतल्या सगळ्या शिळ्या बातम्या वाचून काढल्या आणि गल्लीची लेखनिक झाले. कुणाचा शाळेचा अर्ज, कुणाचं रेशन कार्ड. नाही म्हणणं मला येतच नव्हतं. तर असे हे फुवा, आणि पाळी सुटली की ते घराच्या पुढल्या भागात, म्हणजे दुकानात, बाकड्याच्या टोकाला येऊन बसायचे आणि सदऱ्यातून पोटली काढायचे. फुई त्यांना सोडा द्यायची. बाकीच्यांना द्यायची तसाच, फक्त बाटली जरा जोरात आपटून.

फुईची या बाबतीतली भूमिका वकिलालाही ऐकून घ्यावी लागली असती. "मी दारू इकस का? मी सोडा इकस. लोकेसले पित्त व्हस." आणि खरंच, त्या गल्लीत पित्ताची साथच होती. संध्याकाळी सहानंतर शंभर माणसांना एकदम पित्त व्हायचं. चौकीवरचा जमादार सोडा न्यायचा, त्यालाही पित्त. पोटल्या मागच्या वाडीतून यायच्या. तिथल्या माणसाला सगळे शेठ म्हणायचे आणि त्याच्या दारावर कसलीही पाटी नव्हती. उलट आमच्या दुकानात महापालिकेचा नोंदणीचा कागद काचेच्या चौकटीत लावलेला होता, आणि फुई रोज देवांना हळदकुंकू वाहून झालं की उरलेलं बोट त्या चौकटीला लावायची.

आता म्हणे राज्यात एका चकचकीत नव्या नगरात बड्या लोकांना बसून प्यायची रीतसर सोय झाली आहे. आणि ज्यांची प्रकृती फारच नाजूक, त्यांना पूर्वीपासूनच डॉक्टरांच्या कागदावर परवाना मिळतो. आमच्या गल्लीतले लोक दुर्दैवानं धडधाकट होते, त्यामुळे त्यांना परवान्याशिवाय प्यावी लागे.

दुपारी गल्ली बायकांची असायची. पुरुष पाळीवर, पोरं शाळेत, आणि दारोदार भरतकामाच्या साड्या पसरून आम्ही धागे कापत बसायचो. साडीच्या उलट्या बाजूला भरतकामाचे सुटे धागे लोंबतात, ते छोट्या कातरीनं कापायचे. मान मोडून येते, पण तोंड मोकळं राहतं. त्यात सगळ्यांत मोकळं तोंड कमलमावशीचं. ती परभणीकडची, दोन घरं सोडून राहायची. तिचा नवरा आठवड्यातून दोनदा नाल्याच्या कडेला झोपायचा आणि ती त्याला हातगाडीवर घालून आणायची. भाजीवाल्याची गाडी त्यासाठी ठरलेली होती. कमलमावशीच्या माहेरच्या गावानं बाटली आडवी केली होती. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की बायका पुढची वाक्यं तिच्याआधी म्हणायच्या. गावात सरकारी परवान्याचं देशी दुकान. बायकांनी अर्ज केला. तहसीलचा साहेब आला. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, आणि दुकानाला टाळं लागलं.

"आमच्या गावच्या बायांला जमतंय, आन् आपण काय इथं नुस्ते धागेच कापायचे व्हय?" असं ती एका दुपारी म्हणाली. आदल्या दिवशी नवऱ्यानं तिची शिलाई मशीन पोटल्यांपायी विकली होती, त्यामुळे त्या दिवशी कोणी तिचं वाक्य आधी पुरं केलं नाही.

"पण मावशी," मी म्हटलं, "ते मतदान परवान्याच्या दुकानावर होतं. इथं परवान्याचं दुकान कुठंय?"

बायका विचारात पडल्या. खरंच, शेठकडे परवाना नव्हता. परवाना नव्हता म्हणून तो रद्द करता येत नव्हता. कागद नाही म्हणून त्याचं कोणी वाकडं करू शकत नव्हतं. कायद्यानं जे दुकान नाहीच, ते बंद कसं करणार? मग हळूहळू, एकीची मान वळली म्हणून दुसरीची वळली अशा, सगळ्या माना आमच्या शटरकडे वळल्या. गल्लीत पिण्याशी संबंध असलेल्या जागांपैकी सरकारी कागद भिंतीला लावलेली एकच जागा होती. हळदकुंकू लावलेली.

"बाकडं न्हाई, गिलास न्हाई, सोडा न्हाई, तर बसतील कुठं?" कमलमावशी म्हणाली. "फुईचं दुकान आडवं करू. शेठ आपोआप बसंल."

 दुकान बंद म्हणजे फुईकडे खाणारं एक तोंड जास्त, आणि ते तोंड कोणतं हे मला ठाऊक होतं. मुकादमानं अजून दुसरी बायको केलेली नव्हती, मामाच्या पत्रात तसं मुद्दाम लिहिलेलं असायचं. मी धावत आत जाऊन फुईला सांगितलं. वाटलं, आता ती बाहेर येऊन कमलमावशीच्या सात पिढ्या काढणार. फुई कांदा चिरत होती. चिरायची थांबली नाही. "करू दे," म्हणाली. "मी बी मत टाकसू. मी बी बाईच शे ना."

मतपत्रिका काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण पेन माझ्याकडे होतं. साड्यांच्या घडीत येणारा पांढरा पुठ्ठा कापून मी चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीला दोन, एकीवर उभी बाटली, दुसरीवर आडवी. चित्रकलेच्या तासानंतर पहिल्यांदाच कोणी मला चित्र काढायला सांगत होतं, पण परीक्षक फार होते.

"ही काय काढायलीस ग? ही तर रॉकेलची दिसायली."

"बूच काढ की तिला. बुचाबिगर सांडंल."

"पण मी म्हणते, इथं तर पोटलीत मिळती. मग पोटलीच काढावी ना?"

यावर बराच खल झाला. शेवटी कमलमावशीनंच निकाल दिला. "पोटली उभी ऱ्हाती का? न्हाई. मग उभीला मत कसं टाकणार? मतदान आहे बाई हे, अन्याय न्हाई झाला पायजे." तेव्हा बाटलीच ठरली. मतदार कोण, याचाही नियम तिनंच केला: भाकरी थापता येते ती मतदार. त्यामुळे माझं सतरावं वर्ष आड आलं नाही, आणि कोपऱ्यावरची भय्याणीची सून, जिच्या पोळ्या फुगायच्या पण भाकरीला भेगा पडायच्या, तिला बाद करण्यावरून थोडी भांडणं झाली. शेवटी तिनं सगळ्यांसमोर भाकरी थापून दाखवली आणि आम्ही तिचं नाव यादीत घेतलं. आम्ही बासष्ट जणी झालो.

मतदान कमलमावशीच्या खोलीत झालं. रीत अशी: एकेकीनं आत जायचं, हवी ती चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि नको ती चुलीत. म्हणजे पुरावा राहणार नाही. बाहेर रांग लागली. लुगड्यांना पदर, पदराखाली दोन दोन चिठ्ठ्या. मी फुईच्या पुढे होते. आत गेले तेव्हा चुलीत उभ्या बाटल्या जळत होत्या, एकीवर एक. माझ्या हातात दोन्ही होत्या. मला फुवांचा मऊ स्वभाव आठवला, आणि नाल्याकाठी उताणा पडलेला कमलमावशीचा नवरा, आणि फुईनं ताटावरून उठून धुतलेले हात. त्यात कृतज्ञता किती आणि मुकादमाची भीती किती, हे आज इतक्या वर्षांनीही मला वेगळं काढता येत नाही. मी आडवी चुलीत टाकली. उभी डब्यात टाकली. बाहेर आले तर फुई दारात उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आत गेली. तिला जरा वेळ लागला.

मोजणीही मीच केली, सगळ्यांसमोर, ओट्यावर. आडवी, आडवी, आडवी. बायका माझ्याबरोबर मोठ्यानं मोजत होत्या, जशी पोरं लपाछपीत मोजतात. चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या चिठ्ठीला एक उभी निघाली. हशा पिकला. कमलमावशी फुईकडे वळून म्हणाली, "तुमचं मत मोजलं बरं का फुई. आम्ही काय मत खाल्लं न्हाई."

फुई म्हणाली, "व्हय."

मी पुढे मोजत राहिले. दुसरी उभी येईल म्हणून वाट बघत होते. एक माझी, एक फुईची, दोन यायला हव्यात. आडवी, आडवी, आडवी. डबा संपला. मी तो उलटा करून आपटला. एकसष्ट आडव्या, एक उभी. मग मी फुईकडे पाहिलं, आणि ती पदरानं मान पुसत दुसरीकडे बघत होती.

संध्याकाळी निकाल फुवांच्या कानावर गेला. त्यांना इतका आनंद झाला की पोटली काढायच्या आधीच डोळे भरले. बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना ओरडून सांगायला लागले, "बासट बायासमा एक मनी बायको मना मांगे उभी ऱ्हायनी. एकटी!" त्या दिवशी ते कोपऱ्यावरून वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो घेऊन आले, वर शेव, वर कांदा, आणि द्रोण फुईच्या हातात दिला. लग्नानंतर त्यांनी तिला कधी काही आणून दिलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. फुईनं तो सगळा खाल्ला. एक घास मला दिला. मी तो बाजूला ठेवून भांडी घासायला उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नऊ जणी महापालिकेच्या झोन ऑफिसात गेलो. आठ बायका, त्यांत तक्रारवाली कमलमावशी आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती फुईही, आणि दोघींचीही लेखनिक मी. कारण तक्रारीचा अर्ज मी लिहिला होता आणि फुईचा खुलासाही मीच. एकाच पेनानं. मला वाटत होतं की साहेब अक्षर ओळखेल आणि मला तिथंच धरून ठेवेल. साहेब गोरा, गोल, टेबलावर काचेखाली देवांचे फोटो. शेजारी आमचे नगरसेवक खुर्चीत बसून खमण खात होते. कमलमावशीनं डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी झाकण काढलं, एक चिठ्ठी उचलली, उलटसुलट केली.

"आ शुं छे?"

"बाटली, साहेब."

"शेनी बाटली?"

"दारूची."

साहेबांनी चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकली आणि झाकण लावलं. हलक्या हातानं, आत काही झोपलेलं असावं तसं. "बेन, गुजरातमां दारू नथी."

"मारा वॉर्डमां तो बिलकुल नथी," नगरसेवक म्हणाले आणि मिरचीचा देठ बशीत ठेवला.

"मग माझा नवरा काय पिऊन पडतुया?" कमलमावशीनं विचारलं.

"ए डॉक्टरने पूछवुं पडे," साहेब म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. मग त्यांनी आम्हांला हिंदीत नीट समजावून सांगितलं, आणि माणूस वाईट नव्हता, हे मला लिहायला पाहिजे. म्हणाले, दारू असा शब्द या अर्जात राहिला तर अर्ज पोलिसात जाईल. पोलीस विचारतील, पितो कोण? तुमची माणसं आत जातील. मग वर विचारतील, बंदी असताना वॉर्डात दारू आली कुठून? नगरसेवकांना उत्तर द्यावं लागेल. परवाना रद्द करायला सांगता, पण दारूचा परवाना मी कुणाला दिलेलाच नाही, मग रद्द काय करू? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ऐकताना सगळं बरोबर वाटत होतं. तेच तर वाईट होतं.

पण रिकाम्या हातानं परत पाठवणं साहेबांना बरं वाटेना. त्यांनी फुईच्या दुकानात काय काय मिळतं ते विचारून घेतलं. सोडा? चालतो. पेले? चालतात. शेंगदाणे, चणे? चालतात. "अने?" मी घाबरून खरं सांगितलं, "अंडी." साहेबांची आणि नगरसेवकांची नजरानजर झाली. ईंडां! रस्त्यावर, उघड्यावर, टरफलं गटारात, आणि गल्लीच्या तोंडाला देऊळ. आता कुठे त्यांना काहीतरी सापडलं होतं. नगरसेवकांनी हात पुसले. पाच मिनिटांत ठरलं: अंडी बंद.

"तमारे कंई कहेवुं छे?" साहेबांनी फुईला विचारलं.

 ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. म्हणाली, "साहेब, आखी दुकानच बंद करी टाका ना."

बायकांना वाटलं, ती चिडून टोमणा मारतेय. कमलमावशीसुद्धा खाली बघायला लागली. साहेबांना तर फुईची दयाच आली. "ना बेन, गभराव नहीं. तमारो धंधो कायदेसर छे. कोई बंद नहीं करावी शके." मग त्यांनी डबा पुन्हा उघडला, चिठ्ठ्या चाळल्या, ती एक उभी बाटली शोधून काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "जुओ. एक ऊभी छे ने? बधानो विरोध नथी." आणि तसा शेरा त्यांनी अर्जावर लिहिला: रहिवाशांचं एकमत नाही. सही. शिक्का.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. साहेब, ती तिची नाही, माझी आहे, आणि मी परत घेते. इतकं गुजराती मला येत होतं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राहिले. आज मुलीला सांगते, जिथं वाटेल तिथं बोलत जा. ती म्हणते, आई, तू तर रिक्षावाल्यालासुद्धा कुठं थांबव ते सांगत नाहीस.

परतताना बायका पुढे गेल्या, फुई आणि मी मागे राहिलो. मी शेवटी धीर करून विचारलं, "तुला बंदच करायचं होतं तर तू आपणहून का नाही केलंस?" तिनं माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं पाहिलं. "मी बंद कयं ते मना नावनी बोंब. सरकारनी बंद कयं ते कोनीच बोंब नही." नवरा दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला असता, तिच्यावर रुसून, आणि रात्री कोण त्याला हातगाडीवर घालणार? सरकारनं दुकानच बंद केलं असतं तर तो सरकारवर रुसला असता आणि घरात बसला असता. तिनं सगळा विचार केलेला होता. फक्त माझा केला नव्हता. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "तुले गावले परत जानं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "नव्हतं."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडायला लागली.

अंडी बंद झाली. फुई पुढचे काही दिवस सवयीनं पातेल्यात पाणी उकळत ठेवायची, मग आठवण आली की त्यात चहा टाकायची. गिऱ्हाइकं अंडी घरून उकडून आणू लागली. महापालिकेची गाडी दोनदा येऊन गेली, टरफलं दिसली नाहीत, समाधानानं परत गेली. कमलमावशीनं डबा परत आणला होता, त्यात ती सुया-दोरे ठेवायची. फुवांनी मात्र त्या मतदानाची गोष्ट मरेपर्यंत सांगितली, आणि दर वेळी ती सांगून झाली की कौतुकानं फुईकडे बघायचे, आणि ती त्यांना सोडा द्यायची. आता बाटली आपटायची नाही.

माझं लग्न झालं, इथंच, गोडादऱ्यात, माझ्याच पसंतीनं. ते फुईनं लावून दिलं. पुढे दोन वर्षांनी फुवा गेले. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. दवाखान्याच्या कागदावर कावीळ लिहिलं. दुसरं काही लिहिण्याची सोय नव्हती. इकडे जे मिळतच नाही त्यानं माणूस मरणार कसा?

तेरावं झाल्यावर फुईनं भिंतीवरची चौकट उतरवली, पदरानं काचेवरचं हळदकुंकू पुसलं आणि मला घेऊन त्याच ऑफिसात गेली. साहेब नवा होता, टेबल तेच. दुकान बंद करायचा अर्ज त्यानं पुढे सरकवला. नाव, पत्ता, गल्ली मी भरलं. शेवटी एक रकाना होता, बंद करण्याचं कारण. मी पेन थांबवून फुईकडे पाहिलं. ती टेबलावरच्या देवांच्या फोटोंकडे बघत होती.

"लिख," ती म्हणाली. "गिऱ्हाईक नही ऱ्हायनं."

मी तसंच लिहिलं, फुवांनी शिकवलं होतं त्या अक्षरात, डोक्यावर रेघ न ओढता.